पेटीचा वास

आपला जावई साप पाळतो, हे अनुराधाबाईंनी पुण्याच्या भजनी मंडळात कुणाला कळू दिलं नव्हतं. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला लेकीकडे राहायला आल्यावर त्यांचं वैर सापाशी कमी आणि जावयाशीच जास्त जुळलं. साप बिचारा दिवसभर वेटोळं घालून पडलेला असायचा. अनिश उलट उत्तरं द्यायचा.

तनयाने डायनिंग रूममधल्या शेल्फवर आईसाठी देव मांडून दिले होते. त्याच शेल्फखाली सापाचा प्लॅस्टिकचा डबा होता, कारण डबा गरम ठेवणाऱ्या पॅडची वायर तिथल्याच सॉकेटपर्यंत पोचत होती.

"देवांच्या पायाशी हे," बाई म्हणायच्या.

"नागपंचमीला तुम्ही पूजा करता ना, आई?"

"पाटावर काढलेल्या नागाची, अनिशराव. तो घाण करत नाही."

दोघंही आवाज चढवायची नाहीत, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळं आलबेल वाटायचं.

डबा सापाला अपुरा पडायला लागला, तशी अनिशने गॅरेजमध्ये प्लायवूडची मोठी पेटी बनवली. ओल लाकडात मुरू नये आणि फटीतून साप निसटू नये म्हणून सांधे सिलिकॉनने भरले, आतून वॉर्निशचे हात दिले. आता पेटीचा वास पार जाईपर्यंत थांबायचं होतं. ओल्या वॉर्निशच्या वाफेत साप कोंडला तर मरू शकतो, हे त्याने बाईंनाही सांगितलं होतं. अडचण एकच होती. कोविडमध्ये गेलेलं अनिशचं नाक परत आलं नव्हतं. करपलेली पोळी त्याला धूर दिसल्यावर कळायची. वास तनया घेणार होती, आणि ती हॉस्पिटलच्या ट्रेनिंगसाठी एडिनबराला गेली होती.

रविवारी संध्याकाळी बाईंनी विषय काढला. "उद्या श्रावणी सोमवार. हा डबा इथे असेल तर मी उपास सोडणार नाही."

"तनया शुक्रवारी येतेय."

"मग शुक्रवारपर्यंत नाही सोडणार."

"म्हणजे तिला फोनवर सांगायचं, की मी तिच्या आईला उपाशी ठेवलं."

"तुम्ही काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

सोमवारी सकाळची पूजा झाली की दिवेलागणीपर्यंत बाईंचं मौन असे. हा नेम त्यांनी यजमान गेल्यापासून एकदाही मोडला नव्हता. त्या पूजेवरून उठल्या आणि अनिश पेटी घेऊन समोर आला. रात्रभर झोपला नसावा.

"आई, तुमचं मौन आहे, माहितेय. नुसती मान हलवा. वास येतोय?"

बाईंनी वाकून नाक आत घातलं. आंबूस, झोंबणारा वास थेट टाळूला जाऊन भिडला. त्यांनी शेल्फकडे पाहिलं, खालच्या डब्याकडे पाहिलं, आणि मान आडवी हलवली. तोंडाने तर आपण काही बोललो नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

"नक्की?"

मान पुन्हा आडवी हलली.

अनिशने पेटी समोरच्या भिंतीला लावली, आतला दिवा चालू केला, साप सोडला, काच सरकवली आणि वर जाऊन ऑफिसच्या कॉलला बसला. बाईंनी देवांखालची जागा पुसून घेतली. रांगोळीची दोन बोटंही ओढली.

दिव्याने पेटी तापली तसा वास काचेच्या फटीतून बाहेर यायला लागला. जपमाळ ओढताना बाईंची नजर तिकडे गेली. साप काचेला तोंड घासत होता. मग त्याने मान सरळ वर ताणली आणि तोंड उघडलं. मिटेना.

बाई जिना चढल्या. दार ठोठावून आत डोकावल्या. अनिशने हेडफोन न काढता हात वर केला; थांबा. त्यांनी खाली बोट दाखवलं. "दूध फ्रिजमध्ये आहे," तो म्हणाला आणि पाय लांबवून दार लोटलं.

बंद दारासमोर त्या उभ्या राहिल्या. आता खाली जाऊन जप पुरा केला असता तरी त्यांना कुणी विचारणार नव्हतं.

त्यांनी दार ढकलून उघडलं. "अनिशराव, साप काढा. मरतोय तो."

तो धावत खाली गेला. काच सरकवली, साप हातावर घेतला, मागचं दार उघडून बाहेर नेलं. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. सापाच्या श्वासातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. बऱ्याच वेळाने त्याचं तोंड मिटलं.

"तुम्हाला वास आला होता," अनिश म्हणाला.

"हो."

"मी दोनदा विचारलं."

"हो म्हटलं ना."

पुसलेल्या जागेवर त्याने डबा परत ठेवला, रांगोळी पायाने बाजूला सारली, प्लग लावला. बाईंनी त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण उपास सोडला नाही. तो सापासाठी होता की मोडलेल्या मौनासाठी, हे त्यांनी देवालाही सांगितलं नाही.

पेटी मागच्या पडवीत, काचेच्या खोलीत उघडी पडून राहिली. बाई रोज तिथे जाऊन वाकायच्या आणि अनिशला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "येतोय अजून." तो ऐकायचा, चहाचा कप घेऊन वर जायचा.

गुरुवारी त्यांनी नाक पार कोपऱ्यापर्यंत नेलं. सांध्यांवरून बोट फिरवून हुंगलं. दिवा लावून, पेटी तापू देऊन पुन्हा हुंगलं. नुसता लाकडाचा वास होता.

"आता नाही येत," त्या म्हणाल्या. "देवाशप्पथ."

अनिशने लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

"उद्या तनया आली की बघेल," तो म्हणाला.