टाकलेला फोटो

जुन्या शहराचा उत्सव बघायची म्हातारीची हौस आजची नव्हती. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला होता, तेव्हापासून तिला म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की जाऊ." ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. लोकांना पाव सुट्टीच्या दिवशीही लागतो. मग एक दिवस तो गेला आणि बेत तिथेच राहिला.

शेवटी मुलाने मनावर घेतलं. मुलगा विमा कंपनीत साहेब, जीभ साखरेत घोळलेली. सकाळपासून 'आई, दमलीस का, आई, पाणी हवं का' असं चाललं होतं. बघणाऱ्याला वाटावं, मुलगा असावा तर असा!

गल्लीबोळांत पताका लागल्या होत्या, चौकात बँड वाजत होता. म्हातारी नव्या नवरीसारखी इकडेतिकडे बघत चालली होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "अरे, फोटो झाला का रे?"

"नाही अजून," मुलगा म्हणाला आणि घाईघाईने आइस्क्रीम आणायला गेला.

हा प्रश्न ती घराला रंग लागला तेव्हापासून विचारत होती. रंगासाठी बैठकीतला तिचा आणि नवऱ्याचा फोटो भिंतीवरून उतरवला, तो परत काही चढला नाही. "फोटो कुठंय रे?" तिने विचारलं होतं. मोबाइलमधून डोकं वर न काढता मुलगा म्हणाला होता, "टाकला." कपडे इस्त्रीला टाकतात, घड्याळ दुरुस्तीला टाकतात, तसा फोटो फ्रेमला टाकला असेल, असं तिने धरलं. "बरं केलंस, काचेला तडा गेलाच होता," असंही म्हणाली. मुलाचा अंगठा मोबाइलवर फिरतच राहिला. नवऱ्याचा तेवढा एकच फोटो होता. अलीकडे त्याचा चेहरा आठवायला तिला जोर लावावा लागायचा, आणि त्याची तिला भीती वाटायची.

उत्सवापुरती काही जुनी घरं लोकांना बघायला उघडी ठेवली होती. त्यातल्या एका मोठ्या घरात ती दोघं शिरली. आत जुन्या पद्धतीचा झगा घातलेली एक मुलगी हातवारे करून माहिती सांगत होती.

"हे या घराचे शेवटचे मालक आणि त्यांच्या पत्नी. यांच्यानंतर वंश बुडाला. मालकांचं घड्याळ उजव्या हातात आहे, बघितलंत? ती या घराण्याची शान होती."

म्हातारीने वर बघितलं.

भिंतीवर तिचा नवरा होता. शेजारी ती स्वतः होती, नणंदेचा कोट मागून घातलेली, मान ताठ करून बसलेली. डावं मनगट भट्टीत भाजलं होतं म्हणून त्याने घड्याळ उजव्या हातात बांधलं होतं. फोटोग्राफर 'हसा' म्हणाला, तेव्हा नेमकी नवऱ्याला शिंक आली होती आणि नाक अजून तसंच आक्रसलेलं होतं. हे नाक ती विसरायला लागली होती.

"अगं बाई," एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग तिने मुलाचा दंड धरला. "अरे, फ्रेमवाल्याने आपला फोटो विकला रे! चोर मेला! चल आधी, पोलिसांत जाऊ."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई, हळू. बाहेर चल, सांगतो."

"बाहेर कशाला? इथेच सांग. कुठला फ्रेमवाला?"

"फ्रेमवाला नाही, आई." तो खाली बघत म्हणाला. "काच फुटली होती. रंगाच्या गडबडीत भंगारवाल्याला सगळंच दिलं. मी तुला तेव्हाच म्हणालो होतो ना, टाकला म्हणून."

टाकला. एवढे दिवस ती 'झाला का' विचारत होती आणि हा तिच्या तोंडावर 'नाही अजून' म्हणत होता. तिला रडू येईना, ओरडताही येईना. पोटच्या पोराकडे ती परक्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

झगेवाली मुलगी बिचारी रडकुंडीला आली होती. "आजी, माफ करा. आम्ही जुन्या बाजारातून फ्रेमा आणल्या, गोष्ट आमचीच आम्ही रचली. थांबा, काढून देते. घेऊन जा तुम्ही."

तिने स्टूल ओढून फोटो खाली उतरवला. मुलाने पुढे होऊन फोटोला हात घातला.

"हात लावू नकोस," म्हातारी म्हणाली. तिने पदराचं टोक पुढे केलं आणि काच पुसायला गेली. काच नवी होती, एक डाग नव्हता. तिने पदर सोडून दिला.

"माझ्याआधीच आलात होय," ती फोटोला म्हणाली. "मला नेणार होतात ना?"

"न्या ना, आजी," मुलगी पुन्हा म्हणाली. "तुमचाच आहे."

म्हातारीने डोळे पुसले.

"नको गं," ती म्हणाली. "इथेच राहू दे. घरी नेला तर पुन्हा टाकतील."