निळ्याचं पाणी

कण बोटाला लागला, दिसला मात्र नाही. निळ्या टॉवेलाच्या काठाशी, शिवणीच्या जरा आत, जिथे लव दाट असते तिथे अंगठा फिरवताना काहीतरी टोचल्यासारखं झालं... फरीदाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, टॉवेल दारातल्या उजेडात धरला. पॉलिशचे पांढरे ओघळ वाळून कडक झालेले, बाकी काही नाही. चाळीस वर्षं तांदूळ निवडणारी बाई ती, खडा तिच्या हातून सुटत नसे – निदान आजवर सुटला नव्हता. तिने पुन्हा अंगठा फिरवला. होता. तिथेच होता.

सकाळी टॉवेलांची पिशवी यासेरने स्वतः आणून टाकली होती. एरवी ती रामकिशन आणायचा. सायकल भिंतीला टेकवून, चपला बाहेर काढून, ‘भाबी, माल आला’ म्हणत. आज यासेर मोटारसायकलवरून उतरलासुद्धा नाही. “आज मैं-इच लाया, अम्मी. रामकिशन चाचा नईं आते अब,” एवढं म्हणाला आणि गेला. नईं आते... जसं काही रामकिशनने स्वतःच न यायचं ठरवलं होतं! पोरगा बापासारखा सरळ, पण वाईट बातमी सांगताना दुसरीकडे बघायची खोडही बापाचीच.

औसा रोडवर यासेरचं गाड्या चमकवायचं दुकान आहे. धुवायचं नव्हे, चमकवायचं, हा फरक त्याने आईला वर्षभर समजावला. पिवळे टॉवेल चाकांना, करडे काचांना आणि निळे फक्त रंगाला. आधी झटकायचे, मग कोमट पाण्यात पातळ साबण घालून तीन तास भिजवायचे. पावडर नको, पिळणं नको, उन्हात नको, सुती कपड्यांच्या शेजारीसुद्धा नको. आणि ते कपडे मऊ करायचं वासाचं पाणी तर मुळीच नको, त्याने टॉवेल पाणी पिणंच सोडतो. “तुझ्या अब्बांची शेरवानीसुद्धा मी इतकी जपली नाही रे,” असं ती त्याला म्हणाली होती. यासेर हसला होता. हसता हसता त्याने शेवटचं सांगितलं होतं, निळ्याचं पाणी दर वेळी नवं.

नवं पाणी. लातुरात राहून, नवं पाणी!

तिने टॉवेल मांडीवर ठेवला. बाकीच्यांची रंगांप्रमाणे बांधलेली गाठोडी तिने सोडली होती, पिवळे भिजतही घातले होते, पाण्यावर काळसर तवंग यायला लागला होता. हा एकच निळा तिने मघापासून बाजूला ठेवला होता. का, ते तिला आत कुठेतरी माहीत होतं. पण माहीत असणं आणि कबूल असणं यांच्यात बरंच अंतर असतं, आणि ते अंतर ती सकाळपासून तांदूळ निवडत, भाजी चिरत, पुन्हा येऊन या पाटावर बसत कापत होती.

शनिवारची गोष्ट, सुनेकडून कानावर आलेली. नांदेडहून एक डॉक्टर आपली नवी काळी गाडी घेऊन आला होता. दिवसभर रामकिशनने ती घासली, पुसली, आणि संध्याकाळी उतरत्या उन्हात गाडी बाहेर काढली तर बॉनेटवर बारीक बारीक गोल रेघा. डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडला. यासेरने विचारलं, चाचा, टॉवेल खाली पडला होता का? पडलेलाच पुन्हा फिरवला का? रामकिशन हातातला टॉवेल उलटापालटा करून बघत राहिला. वयाने यासेरच्या बापाच्या, महेबूबच्या, बरोबरीचा माणूस, त्याच्याच गॅरेजात तो पंचवीस वर्षं रंगाचं काम करत होता. महेबूब म्हणायचा, ह्याच्या हाताला रंग कळतो, मी डोळे मिटून गाडी देईन. आणि यासेरने त्याला सांगितलं – थोडे दिवस घरीच बसा.

घरी बसा... हे दोन शब्द फरीदाला फार चांगले ठाऊक होते. महेबूब गेल्यावर दोन वर्षं ती घरीच बसली होती. सून बँकेत, मुलगा दुकानात, टीव्हीवरच्या बायका दिवसभर एकमेकींच्या चहात काहीबाही कालवायच्या आणि ही बघायची. मग एक दिवस रामकिशनच लाकडासारखे ताठ झालेले टॉवेल घेऊन आला होता. “भाबी, हे मऊ होत्याल का बगा. आमाला जमंना.” तिने ते रात्रभर भिजवले, सकाळी हाताने चोळून चोळून लव मोकळी केली. तेव्हापासून यासेर गिऱ्हाइकांना सांगतो, आमचे टॉवेल अम्मी धुते, मशीनला हे जमणार नाही. हे वाक्य तिच्या कानावर आलं होतं त्या दिवशी तिला दोनदा जेवावंसं वाटलं होतं. पण हल्ली तो मशीनचंही बोलतो. दुकानातच लावू, टँकरचं पाणी घेऊ, तू आता आराम कर. आराम! काय करायचं असतं आरामात?

ती उठली. शिवणाच्या डब्यात महेबूबचं लोहचुंबक होतं, एका जुन्या स्पीकरमधून काढलेलं; सांडलेल्या सुया गोळा करायला ती ते वापरायची. ते तिने टॉवेलाच्या काठावरून हळूच फिरवलं. काही होणार नाही, तिला वाटलं; माती असेल, दुकानाच्या फरशीवरची वाळू असेल. माती चुंबकाला चिकटत नाही. वाळू चिकटत नाही. टॉवेल खाली पडला असेल तर तसंच काही असेल आणि मग बिचाऱ्या रामकिशनचं...

कण टुणकन उडून चुंबकाला बसला. काळा, तिळाच्या अर्ध्याहूनही लहान. मागोमाग आणखी दोन.

लोखंड. ब्रेकचा भुगा. तो चाकांवर असतो, म्हणजे पिवळ्या टॉवेलात असतो. दुकानात पिवळे आणि निळे टॉवेल एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत, त्यांच्या बादल्या वेगळ्या, खुंट्या वेगळ्या, पिशवीतली गाठोडीसुद्धा वेगळी. ते भेटत असतील तर एकाच ठिकाणी, इथे, माझ्या मोरीत.

नळ आठ दिवसांनी येतो, मागच्या आठवड्यात आठाचे अकरा झाले. पिवळे भिजवलेलं पाणी पिंपात रात्रभर राहिलं आणि सकाळी गाळ खाली बसून वर कसं नितळ झालं होतं... तोंड दिसावं इतकं. ते फेकायचं? रेल्वेने पाणी आलं त्या वर्षी तिने भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला आणि फरशीचं संडासात वापरलं होतं. टाकीपाशी पोलीस उभे असत आणि बायका घागरींवर हात ठेवून झोपत. नितळ पाणी ओतून द्यायला हात धजत नाही. तिने तांब्या बुडवून, गाळ न हलवता, वरवरचं पाणी काढलं आणि त्यात निळे भिजवले. दोन बादल्या वाचल्या म्हणून ती स्वतःवर खूशही झाली होती. आपण किती शहाण्या, असं वाटलं होतं. हो, असंच वाटलं होतं मला.

“भाबी, हायसा का घरात?”

चुंबक तिने मुठीत घेतलं. दारात रामकिशन उभा होता, धुतलेला शर्ट, हातात किल्ली. दुकानाचं शटर रोज सकाळी तोच उघडायचा.

“ही तुमच्याकडं देतो. तितं समद्यांपुढं द्यायला कसंतरी वाटतंय.”

“बस की. चहा टाकते.”

तो उंबऱ्याशीच बसला. कप घेताना त्याचा हात थरथरला, तेव्हा तो स्वतःच त्या हाताकडे परक्यासारखं बघत राहिला.

“डोळं दाखवून आलो परवा,” तो म्हणाला. “मोतीबिंदू न्हाई म्हनला डॉक्टर. मग म्या म्हनलं हातच गेला असंल. घरी सुईत दोरा घालून बगितला.”

“मग?”

“गेला. पन चौथ्या बारीला.” त्याने कप खाली ठेवला. “माज्या हातून टावेल पडला असंल, भाबी. कवा पडला ते ध्यानात येईना. लई आठवून राहिलो. पडला असंल म्हनूनच रेगा आल्या ना? उगंच येतेत का?”

आता. आता बोल, बाई. मुठीत चुंबकाची कड रुतत होती आणि वाक्य तर तयारच होतं, चार शब्दांचं, साधं... ती म्हणाली, “सुई कोणती होती?”

“गोधडीची.”

गोधडीच्या सुईचं नाकं एवढं मोठं असतं की डोळे झाकूनही दोरा जावा. म्हणजे डोळे ठीक होते आणि हातही ठीक होते. भीतीने थरथरत होता तो. जन्मभर ज्या हातावर माणसाने भरवसा ठेवला त्याच हाताची त्याला भीती बसली होती, आणि ती मी बसवली होती, दोन बादल्या पाण्यासाठी. फरीदाला एकदम रडू आलं. ते तिने पदराने नाक पुसून आत ढकललं.

रामकिशनचं लक्ष मोरीतल्या रिकाम्या घागरींकडे गेलं. “नळ आला न्हाई का आजून?”

“पाचवा दिवस.”

“आमच्या रेनापूरच्या बोरला पानी हाय की. सायकलवर दोन क्यान आनून टाकतो उद्या. आता तर मोकळाच हाव.”

“नक्को!” ती इतक्या जोरात म्हणाली की तो दचकला. “नक्को, रामकिशन. पाणी नक्को आणूस.”

“बरं, न्हाई आनत,” तो समजुतीने म्हणाला, जसं एखाद्या आजारी माणसाचं ऐकावं. किल्ली उंबऱ्यावर ठेवून, चपला घालून गेला. सायकल गल्लीच्या वळणापर्यंत हातात धरूनच नेली त्याने. बसला नाही.

ती बराच वेळ उंबऱ्यावरच्या किल्लीकडे बघत राहिली. टॉवेल धुवून टाकला तर? तीन तास साबणात, मग हलक्या हाताने चोळायचं. संध्याकाळपर्यंत तो बाकीच्यांसारखाच निळा आणि मऊ होईल, आणि मग चुंबक फिरवणारं जगात कोणी नाही. यासेर विचारणारही नाही. रामकिशन मनावर घेऊन दुसरीकडे कुठे काम बघेल... कुठे बघेल? स्वतःचाच हात चोर ठरवून बसलेला माणूस कुणाच्या दारात जाणार?

दुपार कलली, असरची अजान झाली. ती मोरीत गेली. मागच्या आठवड्याचं ते पिंप तिथेच होतं, तळाशी काळा थर, वर हातभर नितळ पाणी, अजूनही फरशीला चालेल असं, अजूनही तोंड दिसेल असं. तिने पिंपाच्या कडेला दोन्ही हात लावले आणि ते आडवं केलं. पाणी धडाधडा मोरीतून बाहेर गेलं, गटारात पडलं, आणि एवढं पाणी एकदम वाहण्याचा आवाज या गल्लीत ऐकू न येणं शक्यच नव्हतं. वरच्या मजल्यावरून शेजारची सिद्धम्मा खिडकीत आली.

“अगं बया, काय सांडलं ओ, भाबी?”

“सांडलं न्हाई,” फरीदा वर बघून म्हणाली. “ओतलं.”

सिद्धम्माला ते पटलं नाही, ती तशीच खिडकीत उभी राहिली. फरीदाने रिकामं पिंप भिंतीला टेकवलं आणि ओले हात पुसत बाहेर आली. छाती धडधडत होती. लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यांसमोर उलट बोलली होती तेव्हाही अशीच धडधडली होती. तेव्हा पुढे काय झालं होतं ते काही केल्या आठवेना, फक्त बोलून गेल्यावरचं ते हलकं वाटणं आठवलं.

संध्याकाळपर्यंत बाकीचे टॉवेल धुऊन वाळले, त्यांच्या घड्या घालून तिने पिशवी भरली. निळा तसाच मांडीवर घेतला, पॉलिशच्या ओघळांसकट. चुंबक त्याच्यावर ठेवलं, चुंबकावर ते तीन कण. दारातून आत येताच दिसेल अशा जागी ती बसली आणि मग पुन्हा थोडी आत सरकली, आणि मग पुन्हा पुढे. कशी सुरुवात करायची ते तिला माहीत नव्हतं. मशीन येईल, टीव्हीवरच्या बायका परत येतील. यासेर ओरडेल किंवा त्याहून वाईट, अम्मी म्हणून गप्प बसेल आणि विषय तिथेच बंद करेल, आणि तो बंद होऊ द्यायचा नाही एवढं बळ आपल्यात आहे की नाही, हेही तिला माहीत नव्हतं.

वळणावर मोटारसायकलचा आवाज आला. दारात येऊन तो रोजच्यासारखं विचारणार होता, ‘हो गये क्या, अम्मी?’ एक राहिलाय, इतकं तर तिला नक्की म्हणता येणार होतं.