फडक्याने पुसलेली वाट

मी एक म्हातारी मुंगी आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे; पण सांगते.

माझा जन्म एका शिंप्याच्या घरातल्या दुकानात, फरशीच्या फटीत झाला. आधी मी पिल्लं सांभाळली, मग दाणापाणी आणू लागले. आमच्यात हुकूम सोडणारं कोणी नाही. राणीसुद्धा नावाचीच, अंडी घालण्यातून बिचारीला डोकं वर काढायला फुरसत नसते. बाहेरच्या बहिणी भराभर खाऊ घेऊन परतल्या, की आम्ही निघायचो. त्या येईनाशा झाल्या, की घरातच थांबायचो. परतणारी जमिनीवर वासाची रेघ ओढत येई. तीच आमची वाट.

एकदा इस्त्रीजवळची बादली कलंडली आणि फटीत पाणी शिरलं. वर खिडकीच्या चौकटीत कोरडी भेग होती. आम्ही पिल्लं तोंडात धरून भिंत चढू लागलो. निम्मी पिल्लं पोचली असतील, तेवढ्यात शिंप्याच्या बायकोने भिंतीवरून साबणाचं फडकं फिरवलं. वास गेला, वाट गेली. निम्मी पिल्लं खाली ओल्यातच.

"अगं, राहू दे. त्यांचं बिऱ्हाड हलतंय," शिंपी म्हणाला.

"आणि या लग्नाच्या कोटावर चढल्या म्हणजे?"

"मग कोट हलव. त्याला काही पिल्लं नाहीत."

"मुंग्यांची वकिली बरी जमते हो तुम्हाला," ती म्हणाली. पण कोट तिने हलवला.

पुसलेली वाट मात्र परत येईना. आम्ही चाचपडत राहिलो. कोणी टेबलाकडे गेली, कोणी कोपऱ्यात. एकीला खिडकीच्या पडद्याचा उसवून जमिनीपर्यंत लोंबणारा दोरा सापडला. शिंप्याच्याच घरचा पडदा, तो कोण शिवणार? दोरा थेट चौकटीपाशी जात होता. ती लवकर परतली, तशी दुसरी गेली, मग दहाजणी. ये-जा वाढली तसा वास दाट झाला, आणि मीही माझं पिल्लू घेऊन तिकडे वळले. ती पहिली कोण, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. तिलाही नसेल.

लोंबता दोरा शिंप्याच्या बायकोला खपत नाही. तिने कात्री उचलली, वाकून पाहिलं, आणि तशीच उभी राहिली. शेवटचं पिल्लू वर पोचलं, तेव्हा कुठे कात्री चालली.

आता मी चौकटीतल्या उबेत सुखात आहे. मित्रांनो, घर तुमचं आहे, भिंत खुशाल पुसा. फक्त आमच्या तोंडात काय आहे, ते आधी वाकून पाहा.