नहरीचं तोंड

मेघाने चपलेच्या टोकाने सिमेंट टोकरून पाहिलं. पक्कं वाळलं होतं. महिन्यापूर्वी इथे, सरूबाईंच्या ओट्याला लागून, दगडी कड्यांचं नहरीचं तोंड होतं. दोराला कळशी बांधून सोडली की पुरुषभर खाली पाणी लागायचं. आता तिथे करडा चौकोन होता.

शहराच्या रंजक गोष्टींचं सदर ती दैनिकात वर्षभर लिहीत होती. कधी दरवाजे, कधी नाण्यांची टांकसाळ, कधी हिमरू विणणारं शेवटचं घर. हे शहर राजधानी असताना मलिक अंबरने जमिनीखालून खेळवलेली नहर एका गल्लीत अजून वाहते, हा त्यातला सर्वांत जास्त वाचला गेलेला मजकूर. सोबत कळशी घेतलेल्या सरूबाईंचा फोटो होता.

मजकूर आला आणि चौथ्या दिवशी गल्लीत महापालिकेचं पथक आलं. बाटल्यांत पाणी भरून नेलं. पिण्यास अयोग्य, उघडं तोंड धोक्याचं, असं ठरलं. मग सिमेंट आलं.

"आत ये," दारातून सरूबाई म्हणाल्या. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला होता.

"हाताला काय झालं?"

"टँकरपाशी पडले. रेटारेटी लई." त्यांनी डाव्या हाताने सतरंजी सरकवली. "नळाला धा-धा दिवस पाणी नाय. आधी कधी त्याची फिकीर केली नव्हती."

मेघा बसली. संपादकांनी पाठपुरावा करायला सांगितलं होतं. पिशवीत वही होती. ती तिने काढली नाही.

मजकुरासाठी ती पहिल्यांदा आली त्या दुपारी गल्लीतल्या सगळ्या बाया कामावर होत्या. एकट्या सरूबाई घरी होत्या. फोटो काढून झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "पेपरात आल्यावर काय व्हतं गं?" आणि मेघा म्हणाली होती, "चांगलंच होतं. सरकार जपतं अशा गोष्टी."

"मला वाटलं होतं..." मेघा म्हणाली. "मी अर्ज लिहून देते. वरपर्यंत जाऊ."

"लिही," सरूबाई म्हणाल्या. रागाने नाही. थकलेल्या आवाजात.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. गल्लीत पावलं धावली, भांडी आदळली. शेजारची शालू दोन हंडे घेऊन दारात थबकली. तिला सातवा महिना असावा.

"मावशे, तुमचा हंडा द्या, मी लावते." तिची नजर मेघावर गेली, पिशवीवर गेली. "ही कोण? पेपरवाली तर नाय ना? ती एकदा घावू दे मला. फोटू काढून गेली आन् आमचं पाणी बुजवून टाकलं."

मेघा उठून उभी राहिली. बोलण्यासाठी तिने तोंड उघडलं.

"माझी भाची हाय," सरूबाई म्हणाल्या. "बिडकीनची. हात मोडल्याचं कळलं म्हणून आली."

शालूचा चेहरा निवळला. "मग बरंय. माणूस तरी हाय घरात."

सरूबाईंनी कोपऱ्यातला हंडा पायाने पुढे लोटला. मेघाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"जा," त्या म्हणाल्या. "टँकर थांबत नाय."

मेघाने पिशवी सतरंजीवर ठेवली, हंडा उचलला आणि बाहेर आली. टँकरमागे वीस-पंचवीस बाया दाटल्या होत्या. ती शेवटी उभी राहिली.

"ए, तिथं कशाला?" पुढून शालू ओरडली. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "सरूमावशीची भाची हाय. बिडकीनवरून आलीय बिचारी. तिचं आधी भरू द्या."

बायांनी कुरकुर न करता वाट करून दिली. एकीने तर तिच्या हातातला हंडा घेऊन पाइपाखाली धरला. हंडा भरेपर्यंत मेघा खाली बघत उभी होती. भरला तसा शालूने तो तिच्या कमरेवर नीट बसवून दिला.

"सावकाश जा गं," ती म्हणाली. "सवय नाय तुला."