हंजगीकर ब्रदर्सच्या बारा ओळी

हृषीकेशचा दात पडला तेव्हा सकाळचे पावणेअकरा झाले होते आणि सर्व्हर उत्तम चालू होता. यातली दुसरी गोष्ट त्यानं पुढं डॉक्टरांना, आईला आणि हवालदाराला आवर्जून सांगितली. सर्व्हर एक क्षणही बंद पडला नव्हता. बंद पडला असता तर दात राहिला असता.

भानगड सुरू झाली आदल्या दिवशी. हृषीकेश कासीमभाई नदाफांच्या कंपनीत कामाला होता. कंपनी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, दोन खुर्च्या आणि भाड्याचा एक सर्व्हर. त्या सर्व्हरवर टॉवेलचे कारखाने, मंगल कार्यालयं आणि दातांचा एक दवाखाना अशा साठेक वेबसाइटी गुण्यागोविंदानं नांदत होत्या.

सर्व्हरला एक कॉन्फिग फाइल असते. ती म्हणजे दारावरचा वॉचमन. कोण आलं, कुठून आलं, कुठल्या दारानं आत सोडायचं, सगळं तिच्यात लिहिलेलं. या वॉचमनचं मात्र वय झालं होतं. दोन हजार तीनशे ओळी. वेणीमाधव नावाच्या इंजिनियरनं त्या चौदा वर्षं लिहिल्या, आणि मग एक दिवस तो मंगळवेढ्याला ज्वारी पेरायला निघून गेला. दर दहा ओळींमागं त्याचा एक शेरा होता: 'हात लावू नये.' का लावू नये, ते कुठंच नव्हतं.

"मियाँ, नवीन मशीन घेतलीय," कासीमभाई म्हणाले. "ती ही फाइल बघून रडायलीय. साफ कर."

"किती साफ?"

"मला समजंल इतकी."

म्हणजे शंभर ओळींच्या आत.

हृषीकेशला कोड लिहिण्यापेक्षा पुसायला जास्त आवडायचं. त्यानं बाह्या सरसावल्या. पाडून टाकलेल्या मंगल कार्यालयाचा नियम उडवला. जगातून नाहीशा झालेल्या ब्राउझरसाठीचे दोनशे नियम उडवले. एक नियम तर असा होता, की पडलेल्या नगरसेवकाच्या साइटवर जाणाऱ्याला तो परस्पर निवडून आलेल्याच्या साइटवर नेऊन सोडायचा. तो पुसताना हृषीकेशला थोडं वाईट वाटलं, पण पुसला.

मग आल्या हंजगीकर ब्रदर्सच्या बारा ओळी. हंजगीकर म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. ओळींचा मतलब सरळ होता: अमुक कनेक्शनवरून कुणी आलं तर पहिलं पान दाखव, तमुक कनेक्शनवरून आलं तर दुसरं, आणि बाकी सगळ्या जगाला तिसरं. तिसरं पान हृषीकेशनं उघडून बघितलं. त्यावर एक टॉवेल होता. पांढरा, घडी घातलेला.

आता पहिलं आणि दुसरं पान बघतं कोण? त्यानं नोंदी तपासल्या. दोन्ही कनेक्शनांवरून दिवसातून बरोब्बर एकदा कुणीतरी यायचं, सकाळी सव्वानऊला. रविवारी सुट्टी. अकरा वर्षं, एका मिनिटाचा फरक नाही.

इतकं वेळेवर माणूस येत नाही, हृषीकेशनं ठरवलं. हे यंत्र आहे. कुणीतरी कधीकाळी लावून विसरलेलं.

बारा ओळी गेल्या. दोन पानं गेली. 'जुनं', 'जुनं२' आणि 'खरंच जुनं' अशा नावांच्या फोल्डरांत जुन्या फायलींच्या प्रती होत्या, त्याही गेल्या. फाइल चौऱ्याण्णव ओळींची झाली. हृषीकेशनं स्वतःला शाबासकी दिली आणि भजी खायला गेला.

ते यंत्र नव्हतं. ते दोन भाऊ होते.

थोरले भीमाशंकर हंजगीकर आणि धाकटे शिवपुत्र हंजगीकर यांचं अकरा वर्षांपूर्वी फाटलं. कारखाना एकच राहिला, पण ऑफिसात मधोमध भिंत आली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन टेबलं, दोन इंटरनेट कनेक्शनं, दोन उदबत्तीची घरं. रोज सव्वानऊला दोघंही आपापल्या ऑफिसात तिजोरीला, मागाला आणि कम्प्युटरला उदबत्ती ओवाळायचे, आणि कम्प्युटरला ओवाळताना पडद्यावर कारखान्याची साइट असायची. थोरल्याच्या पडद्यावर वर थोरल्याचा फेट्यातला मोठा फोटो, खाली धाकट्याचा बारका. धाकट्याच्या पडद्यावर उलटं. भिंत ओलांडून कुणी कधी गेलं नाही. आपलाच फोटो जगात वर आहे, या समाधानात दोघांची साखर आटोक्यात होती.

त्या सकाळी भीमाशंकर अण्णांनी उदबत्ती ओवाळली ती टॉवेलला. भिंतीपलीकडं शिवपुत्रनंही टॉवेललाच ओवाळली. दोघांच्याही मनात एकच विचार आला. रक्त एकच होतं ना.

त्यानं मला काढलं.

दोघं एकाच वेळी बाहेर आले. पहिला वार शिवपुत्रचा. त्यानं मागावरचा, आडवा धागा नेणारा लाकडी धोटा उचलून फेकला. धोट्याला दोन्ही टोकांना लोखंडी अणी असते. ती अण्णांच्या कानात बसली आणि कानाची पाळी लोंबायला लागली. अण्णांनी मागाचा लाकडी दांडा उपसला आणि धाकट्याच्या खांद्यावर असा हाणला, की गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज चालू मागांच्या खडखडाटातही ऐकू आला. मग माग थांबले. थोरल्याचे कामगार, धाकट्याचे कामगार. भिजवून गाठ मारलेले टॉवेल गरगरायला लागले. असा टॉवेल बरगडीवर बसला की माणूस आधी बसतो आणि मग कारण विचारतो. एकाचं नाक आडवं झालं, एकाचा गुडघा उलटा वळला. तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी अशा चार भाषांत एकमेकांच्या आयाबहिणींची विचारपूस झाली. दुपारचे डबे आधीच सुटले. कुणीतरी भिरकावलेल्या कडक भाकरीनं जॉबरचा, म्हणजे मागांवरच्या मुकादमाचा, गाल बोटभर चिरला. नंतर टाके घालणाऱ्या डॉक्टरनं हत्यार विचारलं, तेव्हा जॉबरनं लाजेखातर सुरा सांगितलं.

"चल," कासीमभाईंनी हृषीकेशला स्कूटरवर बसवलं. "आपल्या साइटीमुळं मर्डर व्हायलाय."

"साइट चालू आहे, भाई."

"तेच तर म्हणायलेत सगळे."

गेटातून आत शिरता शिरता एक ओला टॉवेल कासीमभाईंच्या मानेवर बसला. ते स्कूटरसकट आडवे झाले आणि आडवेच राहिले. उभं राहण्यात काही फायदा दिसत नव्हता.

हृषीकेशला दोघांनी धरलं. उजवा दंड अण्णांकडं, डावा शिवपुत्रकडं. आवारात गठ्ठे मोजायचं टेबल होतं, त्यावर त्याचा लॅपटॉप ठेवला गेला.

"अर्ध्या तासात फोटो वर आण," अण्णा म्हणाले. त्यांचं रक्त की-बोर्डवर ठिबकत होतं. "न्हाय आला तर ही बोटं हाईत ना, ज्यानं पुसलास, ती एकेक मोडतो. मोजून धा."

"आणतो, मालक. पण वर कुणाचा?"

"माझा," अण्णा म्हणाले.

"माझा," शिवपुत्र म्हणाला.

"दोघांचा कसा येईल वर?"

दात इथं पडला. कुणाच्या ठोशानं, हे शेवटपर्यंत ठरलं नाही, आणि पुढं चौकीत त्यावरूनच पुन्हा जुंपली.

हृषीकेशनं दात खिशात घातला आणि वेणीमाधवला फोन लावला. पलीकडं हसण्याखिदळण्याचा आवाज होता. शेतात हुरडा चालू होता.

"वेणीमाधव सर, मी कासीमभाईंकडचा हृषीकेश. हंजगीकरांच्या बारा ओळी—"

"पुसल्यास?"

"हो."

"कोण कोण जिवंत आहे?"

"सगळे आहेत. मोडलेत थोडे."

"मग वेळ आहे." वेणीमाधवनं तोंडातला हुरडा चावून गिळला. "अरे, मी लिहिलं होतं की हात लावू नये म्हणून."

"का लावू नये ते लिहायचं ना!"

"तेव्हा मला माहीत होतं की. मलाच माहीत असलेलं मी कशाला लिहू?"

मग त्यानं सगळं सांगितलं. दोन भाऊ, दोन कनेक्शनं, दोन पानं. आणि शेवटी म्हणाला, "एकच पथ्य. दोघांनी एकमेकांच्या खोलीत जायचं नाही. अकरा वर्षं गेले नाहीत, म्हणून माझा कोड चालला. घे, ओळी लिही."

हृषीकेशनं अजून शाबूत असलेल्या दहा बोटांनी बारा ओळी लिहिल्या. फोटो कारखान्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून मोबाइलनं काढले. पानं चढवली. "जा, बघून या," तो म्हणाला. "आपापल्या खोलीत हां, मालक. आपापल्या."

दोघं गेले. दोघं आले. दोघांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की रक्त जरा पुसून घेतलं असतं तर लग्नघर वाटलं असतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा नमला.

"तम्मा," अण्णा म्हणाले. अकरा वर्षांत त्यांनी धाकट्याला तम्मा म्हटलं नव्हतं. "लई लागलं का रे?"

"हाड मोडलंय, अण्णा. तुझा कान?"

"हाय की थोडा."

कामगारांनी टॉवेल खाली ठेवले. दोघांनी डोळे पुसले, टॉवेलची तर कमी नव्हतीच. अण्णांनी धाकट्याच्या न मोडलेल्या खांद्यावर हात टाकला. "चल. माझ्या ऑफिसात च्या घेऊ."



हृषीकेश धावत त्यांच्या आडवा गेला. "नको! मालक, चहा बाहेर घ्या. कँटीनला घ्या. मुळात चहा घेऊच नका!"

"का बे?"

काहीतरी बोलायलाच हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच हृषीकेश दोन माणसांत भांडण लावायला निघाला होता, तेही त्यांच्या भल्यासाठी. "अण्णा, हे तुम्हाला मघाशी चोर म्हणत होते. आणि धाकटे मालक, अण्णा म्हणत होते की तुम्ही त्यांचे सख्खे भाऊच नाही."

शिवपुत्रनं चांगल्या हातानं त्याच्या कानाखाली काढली. "माझ्या भावाबद्दल बोलतोस?" दुसऱ्या बाजूनं अण्णांनी काढली. "आमच्यात लावालावी करतोस व्हय?"

हृषीकेश गठ्ठ्यांवर पडला, उठला, आणि अण्णांचे पाय धरून मागं ओढायला लागला. अण्णांनी त्याला तसाच फरफटत ऑफिसापर्यंत नेला. दार उघडलं. पडद्यावर अण्णा होते, फेट्यात, मोठे. खाली शिवपुत्र, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

 शिवपुत्र अण्णांना हाताला धरून बाहेर पडला आणि त्यांना आपल्या खोलीत घेऊन आला. पडद्यावर शिवपुत्र मोठा होता. मग दोघं हृषीकेशकडं वळले. हृषीकेश अजून अण्णांच्या पायालाच होता.

"आणि बाहेरच्यांना?" अण्णांनी शांतपणे विचारलं. "अकलूजवाल्या गिऱ्हाइकाला कोण वर दिसतो?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "कुणी नाही. टॉवेल."

"मुंबईला?"

"टॉवेल."

"जर्मनीत?" शिवपुत्रचा आवाज चिरकला. "जर्मनीचा साहेब म्हणाला हुता, साइट बघून लई इंप्रेस झालो."

"टॉवेल बघून झाले असतील, मालक. चांगला आहे टॉवेल."

"म्हंजे अकरा वर्सं," अण्णा म्हणाले, "जगात आमी दोघंबी नव्हतो?"

"फक्त या दोन खोल्यांत होता."

हृषीकेशला पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. टेबलाचा ड्रॉवर. उजव्या हाताची तर्जनी ड्रॉवरमध्ये, ड्रॉवर बंद. मग मधलं बोट. अण्णा ड्रॉवर ढकलायचे आणि शिवपुत्र मनगट धरायचा. एवढ्या वेदनेतही त्याच्या लक्षात आलं, की अकरा वर्षांनी हे दोघं एका कामाला हात लावतायत, आणि जमतंयही छान. तिसऱ्या बोटाच्या वेळी अण्णांना भोवळ आली. कानातून बरंच रक्त गेलं होतं. शिवपुत्रनं बोट सोडून भावाला सावरलं, म्हणून आठ बोटं वाचली.

कारखान्याच्या टेम्पोतून सगळे आधी दवाखान्यात आणि मग चौकीत गेले. एकाच टेम्पोतून, कारण दुसरा टेम्पो धाकट्याचा की थोरल्याचा यावर पुन्हा काही निघेल, अशी ड्रायव्हरला भीती होती.

चौकीत हवालदारानं कागद पुढं ओढला. "आरोपी क्रमांक एक?"

"माझं लिवा," भीमाशंकर म्हणाले. "थोरला मी हाय."

"पहिला वार माझा हुता," शिवपुत्र म्हणाला. "एक नंबर माझा. आणि ह्याचा दात बी मीच पाडला."

"दात मी पाडला! तू नुसता दंड धरलावतास!"

हवालदारानं मध्ये हात घातला. तिथंच चुकलं. शिवपुत्रचा पट्टीवाला खांदा फिरला, त्याचं कोपर हवालदाराच्या जबड्यावर बसलं, आणि पाठोपाठ अण्णांनी टेबलावरची घंटा त्याच्या कपाळात घातली. हवालदार खुर्चीसकट मागं गेला. त्याला भिंतीनं धरलं नसतं तर तो थेट लॉकअपमध्येच गेला असता.

 मग हवालदार उठला, कपाळाचं रक्त रुमालानं टिपलं आणि आणखी एक कोरा कागद घेतला. एका कागदावर त्यानं भीमाशंकरचं नाव वर लिहिलं, शिवपुत्रचं खाली. दुसऱ्यावर उलटं. दोन्हींवर शिक्का मारला. एक प्रत अण्णांना दिली, एक शिवपुत्रला. दोघांनी आपापली प्रत वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. 

हृषीकेश प्लास्टरमधल्या बोटांकडं बघत होता. "साहेब," तो पडलेल्या दाताच्या जागेतून वारा काढत म्हणाला, "हे दोन कागद का केले, ते कुठंतरी लिहून ठेवा. उद्या तुमची बदली झाली, नवीन माणूस आला, आणि त्याला वाटलं एक कागद जास्तीचा आहे, तर?"

हवालदारानं पेनाला टोपण लावलं.

"लिहायचं काय त्यात? मला माहीत हाय की," तो म्हणाला. मग थोडा विचार करून त्यानं फायलीवर तीन शब्द लिहिले आणि ती कपाटात टाकली.

शब्द कुठले, ते हृषीकेशनं वाचलं नाही. त्याची गरज नव्हती.