उरलेलं घरी न्या

बी.एस्सी.च्या शेवटच्या प्रॅक्टिकलला दामोदर साबळ्यांना अज्ञात क्षार म्हणून त्यांची बायको मिळाली. कागदाच्या पुडीत पांढरी, जराशी खरबरीत पूड होती. पुडी कोमट होती.

द्वारका गेल्यावर घरात बसवेना, म्हणून त्यांनी तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्रीला नाव घातलं होतं. ती अशी समोर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“मॅडम, ही माझी बायको आहे,” ते म्हणाले.

“तोंडी चालत नाही, साबळे,” बर्वे मॅडम म्हणाल्या. “टेस्ट करून दाखवा. ओळखलंत तर उरलेलं घरी न्या. नाही तर बेसिनमध्ये.”

शेजारच्या टेबलावरची अफसाना कुजबुजली, “काका, चिमूटचिमूटच घ्या हां. मागच्या खेपेला मी पहिल्याच टेस्टला अर्धी पुडी ओतली, मग बसले रडत.”

पण चिमूट केवढी असते हे त्यांना कुठं ठाऊक? घरात मीठ द्वारकाच घालायची.

त्यांनी पूड परीक्षानळीत टाकून वर आम्ल सोडलं. बुडबुडे आले आणि द्वारका खाकरली. पाहुणे बसलेले असताना दाराआडून खाकरायची, अगदी तशी.

“खाकरणं कुणालाही येतं,” मॅडम म्हणाल्या. “पुढचं.”

पुढची चिमूट त्यांनी तापवली. नळीतून जिऱ्याच्या फोडणीचा वास आला.

“फोडणी घरोघरी असते. पुढचं.”

दरवेळी ते पुडीकडे वळत तेव्हा भिंत थोडी जवळ आलेली असे. आता बाटल्यांचं कपाट त्यांच्या पाठीला टेकलं होतं. बाकीची मुलं कोपर अंगाशी धरून काम करत होती.

“कुणाकडेच नाही असं तिच्यात काय होतं?” मॅडमनी विचारलं.

साबळ्यांना आठवेना. इतकी वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिचं वेगळं असं काहीच सांगता येऊ नये? त्यांनी पुडी पुन्हा उलगडली. कागदाच्या घडीत चारच कण उरले होते.

“काका, ज्योत परीक्षा राहिलीय,” अफसाना म्हणाली.

लॅबच्या निकममामांनी पंखे बंद केले. साबळ्यांनी तारेच्या टोकाला ते कण लावले आणि तार बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरली.

ज्योतीला रंग आला. भिंतीवरच्या तक्त्यात तो नव्हता. साबळ्यांनाही त्याचं नाव सांगता येईना, पण तो त्यांच्या ओळखीचा होता.

मॅडमनी चष्मा काढला. “हो,” त्या म्हणाल्या. “हीच. बरोबर आहे तुमचं.”

“मॅडम, पण पुडीत काही उरलं नाही.”

“मग आहे ते न्या.”

त्यांनी बर्नर बंद केला. तारेच्या टोकावरची ज्योत विझली नाही. नखाएवढी, ताठ उभी राहिली. तिच्याभोवती दुसऱ्या हाताचा आडोसा धरून, श्वास रोखून ते दाराकडे सरकू लागले. टेबलं इतकी जवळ आली होती की आडवंच चालावं लागत होतं.

“मामा, पंखा लावा की,” मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं. “जीव चाललाय उकाड्यानं.”

“लावतो, लावतो,” निकममामा म्हणाले.

साबळ्यांना नको म्हणायचं होतं. पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं, आणि ज्योत त्यांच्या ओठांपाशीच होती.

बटण वाजलं. डोक्यावरची पाती सावकाश हलली.