अकरा पायऱ्यांचा जिना

चादरीखाली गौरांगनं बायकोची, रूपालीची, करंगळी धरली आणि मागे वाकवली. प्लास्टरमधून बाहेर आलेली तिची बोटं आधीच सुजून तांबडी झाली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खाटेसमोर स्टुलावर बसलेल्या डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यानं वहीतून वर पाहिलं.

"ताई, जास्त दुखतंय का?"

"दुखणारच. हाड मोडलंय," गौरांग म्हणाला. "तुम्ही विचारा."

"काय झालं होतं?"

"सोमवारी सायंकाळी गच्चीवरून कपडे आणताना जिन्यावर पाय घसरला," रूपाली म्हणाली. "जिना ओला होता. एकूण अकरा पायऱ्या. सातव्या पायरीवरून मी खाली आले आणि हात अंगाखाली सापडला."

गौरांगनं करंगळी सोडली.

हा जिना त्याचा होता. अकोटच्या कोर्टात त्यानं बारा वर्षं वकिली केली होती. खोट्यात एखादा आकडा घातला की ऐकणारा मान डोलावतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणून पायऱ्या अकरा आणि घसरली ती सातवीवरून. अकोल्याला येताना गाडीत त्यानं ते सगळं तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं होतं. ती मोडका हात मांडीवर धरून म्हणत गेली. खरं तर अकोटचं त्यांचं घर चार खोल्यांचं, बैठं. वर कौलं. गच्चीचा पत्ता नाही.

अकोटच्या डॉक्टरांकडे त्यानं तिला नेलंच नाही. सगळे ओळखीचे, कुणी ना कुणी बोललं असतं. त्यापेक्षा हायवेवरचं हे मोठं सरकारी रुग्णालय बरं. दोन जिल्ह्यांतले अपघात, कुऱ्हाडीचे घाव, भाजलेल्या सुना, सगळं इथं येऊन पडतं. एका मोडक्या हाताची चौकशी करायला कुणाला फुरसत आहे, असा त्याचा हिशेब. एवढा हुशार माणूस, पण हे शिकवणारं रुग्णालय आहे हे साफ विसरला. खासगी डॉक्टर एकदा विचारतो आणि औषध लिहून देतो. इथं परीक्षा तोंडावर आलेली पोरं वही घेऊन येत, आणि प्रत्येक जण पहिल्यापासून विचारी.

सोमवारी घरी पाहुणे आले होते. गौरांग जुन्या खटल्याची गोष्ट रंगवून सांगत होता. चहाचे कप उचलता उचलता रूपाली सहज बोलून गेली, "पण तो खटला तर तुम्ही हरलात ना?" पाहुणे हसले. तोही हसला. त्यांना फाटकापर्यंत पोचवून परत आला, दाराला आतून कडी लावली आणि मोरीतली कपडे धोपटायची लाकडी मोगरी उचलली. त्याच्या आईनं, ताराबाईंनी, टीव्हीचा आवाज वाढवला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि दर वेळी त्या हेच करत. पहिला तडाखा पाठीत बसला, दुसरा खांद्यावर. तिसरा डोक्यावर येताना रूपालीनं हात वर घेतला आणि हाड मोडल्याचा आवाज टीव्हीच्या वर ऐकू आला. त्यांची सहा वर्षांची मुलगी अवनी दारात उभी होती. चौथा तडाखा तिच्या देखतच बसला.

मंगळवारी सकाळी माया मॅडम राउंडला आल्या. त्या हाडांच्या विभागाच्या प्रमुख. मागे नऊ विद्यार्थी होते. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

"मनगट ते कोपर, दोन हाडं. माणूस पडताना हात टेकतो, तेव्हा बहुधा मनगटाशी मोडतं. इथं काय दिसतं?"

"करंगळीच्या बाजूचं एकच मोडलंय, मॅडम. मधोमध."

"हं." मॅडमनी एक्स-रे पाकिटात घातला. त्यांची नजर गौरांगच्या बुटांपासून चेहऱ्यापर्यंत गेली आणि तिथून रूपालीवर आली. "जिन्यावरून पडल्या म्हणतात. प्रत्येकानं यांना स्वतः विचारून वेगळी हिस्ट्री घ्यायची. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेली मला कळते."

तेव्हापासून गौरांगनं खाट सोडली नाही. फक्त अंग पुसायच्या वेळी वॉर्डातली आया मैनाबाई त्याला बाहेर काढी.

"चला भाऊ, निंगा बाहीर. बायांचा वार्ड हाय हा."

"मी वकील आहे."

"मंग? वकिलाले का बायांचं आंग पुसू देतेत?"

वॉर्डातल्या बाया फिदीफिदी हसल्या. तो अर्धा तास व्हरांड्यात फेऱ्या मारी आणि परत आला की वाकून रूपालीच्या कानात म्हणे, "अवनी घरी आहे. ध्यानात ठेव." एवढंच. बुधवार संपेपर्यंत तिनं सात जणांना जिना सांगितला. गुरुवारी दुपारचा हा आठवा.

आठवा गेला आणि नववी आली. संध्या तिचं नाव. दर्यापूरकडच्या खेड्यातली, देवमन नावाच्या शेतमजुराची मुलगी. तिच्या बोलण्याला वर्गातली काही पोरं हसत. म्हणून ती वहीत लिहिलेल्या क्रमानंच विचारी, एक ओळसुद्धा गाळत नसे. बाकीच्या आठांनी दुखण्यापासून सुरुवात केली होती. संध्यानं नाव, वय, गाव इथून केली. माया मॅडम शेजारच्या खाटेवरच्या बाईचा पाय तपासत होत्या, उरलेले विद्यार्थी त्यांच्याभोवती होते.

"गाव?"

"अकोट."

"घरी कोण कोण असते?"

"हे, सासूबाई आणि मी."

गौरांगनं मान वर केली.

"लेकरं नाहीत?"

"मुलगी आहे, अवनी. ती कालपासून पातूरले आहे, माझ्या भावाजवळ."

"काय?" गौरांग म्हणाला.

रूपालीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती संध्याशीच बोलत राहिली. चार दिवस तिच्या तोंडी असलेली कागदी भाषा आता गेली होती.

"आंग पुसायच्या वेळी मैनाबाईच्या फोनवरून मी भावाले सांगितलं. तो काल अकोटले गेला. सासूबाईनं दार उघडलं, पोरीचे कपडे पिशवीत भरले अन् पोरीनं पुन्हा तसलं काही पाहू नये म्हणून स्वतः तिले गाडीत बसवून दिलं."

"आईनं?" गौरांगनं विचारलं. आई आपल्याशी असं वागेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. बुधवारी तिला दोनदा फोन केला, तेव्हा ती म्हणाली होती, अवनी झोपली आहे. त्याला आता ते आठवलं. त्यानं चादरीखाली हात घातला, पण रूपालीनं प्लास्टर उचलून छातीवर घेतलं होतं.

संध्या घाबरली. पण वहीत पुढची ओळ होती, ती तिनं विचारली.

"घर कसं हाय तुमचं? कच्चं का पक्कं?"

"पक्कं. चार खोल्या. बैठं आहे."

पेन थांबला. संध्यानं मागचं पान उलटून एक्स-रेच्या वेळी टिपलेलं वाचलं. मग हळूच म्हणाली, "बैठं? मंग तो जिना..."

"आमच्या घराले जिनाच नाही, बाई," रूपाली म्हणाली. हे ती पुरेशा मोठ्यानं बोलली. शेजारच्या खाटेवर वाकलेल्या मॅडम सरळ झाल्या.

गौरांग उठला तसा त्याचा हात वर गेला. कुठं आहोत, कोण बघतंय, कसलंही भान त्याला राहिलं नाही. आणि रूपालीचा प्लास्टरमधला हात आपोआप डोक्यावर गेला, कोपरात वाकलेला, मोडलेली करंगळीची बाजू पुढे. नऊच्या नऊ विद्यार्थ्यांनी ते पाहिलं. एक्स-रे आठवण्याची कुणाला गरज पडली नाही.

त्याचा हात हवेतच राहिला. मैनाबाईनं ओला पोछा बादलीत टाकला आणि येऊन त्याच्या आणि खाटेच्या मधे उभी राहिली. "हात खाली घ्या, वकीलसाहेब," ती म्हणाली. मॅडमनी एका विद्यार्थ्याला खालच्या पोलीस चौकीकडे पाठवलं. तो पळतच गेला.

संध्यानं वहीचं नवं पान काढलं, वर रूपालीचं नाव लिहिलं आणि स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं.

"ताई, मी पयल्यापासून विचारतो," ती म्हणाली. "काय झालं होतं?"

रूपालीनं हात खाली घेतला आणि सोमवारच्या पाहुण्यांपासून सांगायला सुरुवात केली.